शटर खाली आल्यावर उरेल ते

किराणा दुकानांच्या एखाद्या साखळीवरची विकिपीडियातली नोंद उघडली, की पहिल्या दोन परिच्छेदांतच तिची जातकुळी कळते. स्थापना कधी झाली, शाखा किती, कोणकोणत्या शहरांत, डाळ-तांदळापासून कपड्यांपर्यंत काय काय मिळतं, कोणते पुरस्कार मिळाले. मग खाली ‘वाद’ असा मथळा आणि त्याखाली कुठल्या तरी शाखेत बुरशी आलेलं पाकीट सापडल्याची बातमी. वरचा भाग कंपनीच्या माहितीपत्रकातून आलेला, खालचा तिच्यावर चिडलेल्या कुणीतरी घातलेला. दोन्ही मजकूर खरे असू शकतात. तरीही तेवढ्याने ज्ञानकोशातली नोंद तयार होत नाही, कारण काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे कुणी बसून ठरवलेलंच नसतं. ते ठरवायला मला एकच कसोटी पुरेशी वाटते : हे दुकान उद्या कायमचं बंद झालं, तर हे वाक्य कुणाच्या उपयोगी पडेल का? पडणार असेल तर ठेवावं, नाहीतर काढून टाकावं.

ही कसोटी आपल्या डोळ्यांदेखत एकदा प्रत्यक्षात लागून गेली आहे. किशोर बियाणी यांच्या समूहाने २००१ मध्ये सुरू केलेलं बिग बझार देशभर पसरलं आणि २०२२ मध्ये मिटलं. त्याच्या शाखांची यादी, बुधवारच्या सवलती, कोणत्या मजल्यावर काय मिळे, हा सगळा तपशील बघता बघता निरुपयोगी झाला. उरलं ते वेगळंच. रुंद, चकचकीत वाटा केल्या तर गिऱ्हाईक न थांबता पुढे निघून जातं, हे बियाणींनी हेरलं होतं. म्हणून दुकानातल्या वाटा मुद्दाम अरुंद ठेवल्या गेल्या, माल दाटीवाटीने रचला गेला आणि गहू-तांदूळ उघडे मांडले गेले. गहू घेणारी बाई आधी मूठभर दाणे तळहातावर पसरते, बोटाने खडा-कीड बाजूला सारते, एखादा दाणा दाताखाली धरून बघते आणि मगच किती किलो ते सांगते. ही पारख मोठ्या दुकानातही करता आली पाहिजे, हे ओळखून तिथे धंदा उभा राहिला. २६ जानेवारी २००६ रोजी ‘सबसे सस्ता दिन’ म्हणून सवलती जाहीर झाल्या, तेव्हा इतकी गर्दी लोटली की काही ठिकाणी शटर खाली ओढावं लागलं. त्या दिवशी कुठली वस्तू किती रुपयांना होती, हे कोशाला नको. प्रजासत्ताक दिनाची सुटी हा खरेदीचा मुहूर्त होऊ शकतो, हे त्या गर्दीने दाखवलं आणि पुढे इतर दुकानंही त्याच वाटेने गेली, ते हवं. आणि शेवट तर सविस्तर हवा. वाढतं कर्ज, करोनाची टाळेबंदी, ऑगस्ट २०२० मध्ये रिलायन्सशी झालेला २४,७१३ कोटी रुपयांचा करार, त्याला अ‍ॅमेझॉनची हरकत, सिंगापूरच्या लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला झगडा. तो चालू असतानाच भाडं थकलेल्या अनेक दुकानांचे भाडेकरार रिलायन्सकडे गेले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये दुकानंच तिच्या ताब्यात गेली. जुलैमध्ये मालक कंपनीवर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. किराणा साखळी कशाने कोसळते, हे समजून घेणाऱ्या विद्यार्थ्याला पन्नास वर्षांनीही हे लागेल.

यावर पहिला आक्षेप असा येतो की वाचकाला आजची माहिती हवी असते. आपल्या गावात शाखा आहे का, हेच तो शोधत येतो. खरं आहे, पण त्यासाठी नकाशे आहेत, कंपनीचं स्वतःचं संकेतस्थळ आहे आणि ते कोशापेक्षा ताजं असतं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. केतकरांचा ज्ञानकोश २३ खंडांत, मराठी विश्वकोश २० खंडांत बसवायचा होता, तेव्हा कागदच संपादकाची कात्री होता. आता जागेला तोटा नाही, मग गाळायचं कशाला? जागा अमर्याद झाली असली तरी ती राखणारे हात मोजकेच आहेत. शाखांचा प्रत्येक आकडा दर तिमाहीला बदलतो, आणि तो बदलायला कुणी स्वयंसेवक फिरकला नाही की नोंद चूक सांगू लागते. हे काम नेमाने करण्याची चिकाटी बहुतेक वेळा एकाकडेच असते, ती म्हणजे कंपनीच्या प्रसिद्धी विभागाकडे. पैसे घेऊन संपादन करणाऱ्याने तसं जाहीर करावं, असा नियम विकिमीडियाला २०१४ मध्ये आपल्या वापराच्या अटींत घालावा लागला, तो उगाच नव्हे. यादी जितकी लांब, तितकी नोंद कंपनीच्या हातात जास्त जाते.

डीमार्टचं उदाहरण घेऊन ही कात्री चालवून पाहावी. राधाकिशन दमाणी यांचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईत उघडलं; मार्च २०१७ मध्ये २९९ रुपयांना दिलेला शेअर बाजारात आला त्याच दिवशी दुपटीवर गेला. याला दोन वाक्यं पुरतात. पण जागा शक्यतो भाड्याने न घेता विकत घ्यायची, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून त्याच्याकडून माल स्वस्तात मिळवायचा आणि छापील किमतीपेक्षा कमी भाव वर्षभर ठेवायचा, ही पद्धत उलगडायला मात्र एक सबंध परिच्छेद द्यायला हवा. बिग बझारचा शेवट ज्याने वाचला आहे, त्याला जागेच्या मालकीचं मोल लगेच कळेल. आणि त्या भावामुळे शेजारच्या वाण्याच्या महिन्याच्या याद्या किती कमी झाल्या, याचा कुणी त्रयस्थाने अभ्यास केला असेल, तर त्याला कंपनीच्या नफ्याइतकीच जागा मिळावी.

‘वाद’ या मथळ्यालाही हीच कसोटी लावावी. बुरशीच्या पाकिटाची बातमी आठवड्यात विरते. पण बिग बझारविरुद्ध पिशवीच्या पैशांवरून एका ग्राहकाने दिलेला लढा राष्ट्रीय ग्राहक आयोगापर्यंत गेला, आणि डिसेंबर २०२० मध्ये आयोगाने सांगितलं की खरेदीआधी स्पष्ट कल्पना न देता गल्ल्यावर पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. रक्कम चहाच्या कपाएवढी, पण सामानाचा ढीग समोर ठेवून उभ्या असलेल्या माणसाला पिशवी नाकारणं शक्य नसतं, ही गोष्ट त्या निकालाने नोंदली. दुकान गेलं, निकाल राहिला. कंपनीला टोचतो म्हणून तो गाळणं जितकं गैर, तितकंच दर तक्रारीला त्याच्या पंक्तीला बसवणंही गैर.

मराठी वाचकाने सर्वांत गंभीरपणे घ्यावा असा आक्षेप मात्र पुराव्यांबद्दलचा आहे. कोशाला त्रयस्थ, छापील आधार लागतो. मोठ्या कंपन्यांवर इंग्रजी अर्थपत्रांत रोज लिहून येतं. आपल्या सहकारी दुकानांचं काय? अपना बाजारचा उगम १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत, कामगारांच्या ग्राहक सहकारी संस्थेतून झाला. १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत तर दुकानच थाटत नाही : शेजारपाजारची कुटुंबं संघ करतात, महिन्याची यादी भरून देतात, माल एकगठ्ठा येतो आणि सभासद तो आपसांत वाटून घेतात. शाखा मोजणाऱ्या चौकटीत तिच्यापुढे शून्य लिहावं लागेल. माझ्या कसोटीवर मात्र ती कित्येक साखळ्यांच्या पुढे आहे, कारण मध्ये दुकानदार नसतानाही किराणा घरोघर पोचू शकतो हे तिने दाखवलं. म्हणून आधाराचा नियम सैल करा, असं मी म्हणणार नाही. तो सैल झाला तर पहिला फायदा प्रसिद्धी विभागच उठवतील. संस्थेचे अहवाल आणि स्मरणिका तारखांपुरत्या चालतील, मोठेपणाच्या दाव्यासाठी नाहीत. त्रयस्थ आधार मराठी दैनिकांच्या जुन्या फायलींत, बंद पडलेल्या मासिकांत, विद्यापीठांतल्या प्रबंधांत असतो, आणि वृत्तपत्रांनी व ग्रंथालयांनी तो स्कॅन करून खुला केल्याशिवाय कुणालाही त्याचा दाखला देता येणार नाही. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पगार थांबले. त्या महिन्यांत कामगार वस्तीतल्या सहकारी दुकानाच्या गल्ल्यावर काय घडलं, उधारी दिली गेली का, दिली तर ती कशी फिटली, हे अपना बाजारच्या नोंदीत वाचायला मिळालं पाहिजे.