हितोपदेशाला किती लूप?

फोर्ट विल्यम कॉलेजच्या वैजनाथ पंडितांची मराठी 'सिंहासन बत्तिशी' १८१४ साली छापली गेली, 'हितोपदेश' त्याच्या पुढच्या वर्षी. ही दोन पुस्तके पर्लच्या हॅशमध्ये भरून पाहा. बत्तिशीत बत्तीस पुतळ्या, प्रत्येकीची एक गोष्ट. एका लूपमध्ये काम आटोपते. हितोपदेशात मात्र विष्णुशर्मा राजपुत्रांना गोष्ट सांगतो, तिच्यातला हिरण्यक उंदीर कावळ्याला हरणाची गोष्ट सांगतो आणि त्या गोष्टीतला दुसराच कावळा जरद्गव गिधाडाची काढून बसतो.

आमच्याकडे येणाऱ्या कोडमध्ये यावर ठरलेला उपाय असतो: लूपच्या पोटात लूप, उजवीकडे सरकत सरकत पानाबाहेर जाईपर्यंत. आज तीन पातळ्या आहेत म्हणून तीन लूप. चौथी आली की ती गुपचूप गळते, एररसुद्धा येत नाही. त्यापेक्षा एकच फंक्शन लिहावे. हाती आलेली चीज हॅश आहे, अ‍ॅरे आहे की नुसता मजकूर, हे त्याने 'रेफ'ला विचारावे आणि हॅश निघाल्यास स्वतःलाच पुन्हा बोलवावे. पर्ल ५ ने १९९४ साली रेफरन्स दिले ते याचसाठी.

खरा घात तपासणीत होतो. विल्यम केरीचा १८१० चा मराठी कोश तुम्ही हॅशमध्ये घातला आहे असे समजा. एखाद्या शब्दाखाली 'अर्थ' आहे का, एवढेच 'एक्झिस्ट्स'ने विचारले आणि तो शब्दच कोशात नसला, तर पर्ल तो निर्माण करून ठेवते. विचारणाऱ्याने कोशात भर घातली, तीही पोकळ! म्हणून आधी शब्द आहे का ते पाहावे, मग अर्थ. 'ईच'ही टाळावा. कुठवर आलो याची खूण लूपमध्ये नसते, हॅशमध्ये असते; मध्येच बाहेर पडलात तर पुढची फेरी अर्ध्यावरून सुरू होते.

'कीज' घ्या, पण सॉर्ट करून, ५.१८ पासून क्रम दर वेळी बदलू शकतो. मात्र साधा सॉर्ट युनिकोडच्या क्रमाने चालतो आणि 'ळ'ला 'ल'शेजारी बसवतो. आपल्या कोशात तो 'ह'नंतर येतो. त्यासाठी 'युनिकोड कोलेट लोकेल' हे मोड्यूल मराठी लोकेल देऊन वापरावे.