वादळ, तुफान, वावटळ : समानार्थकतेचा भ्रम

शालेय व्याकरणपुस्तकांतील समानार्थी शब्दांच्या याद्यांत वादळ, तुफान, झंझावात आणि वावटळ हे शब्द एकाच ओळीत बसवण्याची रीत रूढ आहे, आणि या रीतीतूनच एक पूर्वपक्ष, म्हणजे खंडनापूर्वी मांडून घ्यावयाचे प्रतिपक्षाचे मत, उभा राहिला आहे. हा पक्ष असे मानतो की लोकभाषेतील हे शब्द जोराच्या वाऱ्याचा ढोबळ बोध तेवढा करून देतात, त्यांच्या अर्थांना सीमा नाहीत, म्हणून अचूक बोलायचे असेल तर हवामानशास्त्राची परिभाषाच वापरावी आणि जुने शब्द काव्यापुरते ठेवावेत. परिभाषेची गरज निर्विवाद आहे. परंतु जुन्या शब्दांना सीमा नाहीत हे विधान टिकत नाही.

अमरकोश हा तर पर्यायशब्दांचाच कोश. तरीही झंझावात कशाला म्हणावे हे सांगताना अमरसिंहाने वाऱ्यासोबत पाऊस असण्याची अट घातली आहे, आणि नुसत्या महावातासाठी प्रकंपन हा निराळा शब्द दिला आहे. वारा कोरडा की ओला हा भेद त्या परंपरेला शब्द वेगळा करण्याइतका महत्त्वाचा वाटला होता. मराठीतील वादळ हा शब्द संस्कृत ‘वार्दल’, म्हणजे ढगाळ पावसाळी दिवस, या शब्दाशी जोडला जातो. हिंदीतील बादल त्याच मुळाचा असून हिंदीने त्यातला ढग ठेवला आणि मराठीने ढगासोबत येणारा वारा. तुफान अरबीतून फारसीमार्गे आले व अरबीत त्याचा अर्थ जलप्रलय असा आहे. पाण्याची ही खूण मराठीतही पुसलेली नाही, कारण तुफान दर्याला येते, नांगरलेल्या रानात उठलेल्या धुळीच्या भोवऱ्याला मात्र कोणी तुफान म्हणत नाही. ‘तुफान गर्दी’ किंवा ‘झंझावाती दौरा’ हे प्रयोग लक्षणेचे, म्हणजे मूळ अर्थाला धरून दुसरा अर्थ सुचवण्याच्या शब्दशक्तीचे आहेत. त्यांच्यामुळे मूळ अर्थाची सीमा मोडत नाही.

सर्वांत मोठा अन्याय वावटळीवर झाला आहे. चैत्र-वैशाखात, निरभ्र दुपारी, तापलेल्या जमिनीलगतची हवा वेगाने वर जाताना भोवंडते आणि पालापाचोळा व धूळ उचलून काही मिनिटांत विरून जाते, ती वावटळ; तिला ढग लागत नाही, ती जमिनीतून वर चढते. भागवतातील तृणावर्त हा असुर याच रूपात बाळकृष्णाला उचलून नेतो, आणि ‘गवताचा भोवरा’ हे त्याचे नावच वावटळीचे नेमके वर्णन आहे. टोर्नेडो याच्या उलट, प्रचंड गडगडाटी ढगातून सोंडेसारखा जमिनीपर्यंत उतरतो. वृत्तपत्रे मात्र टोर्नेडोला कधी वावटळ म्हणतात, कधी चक्रीवादळ, आणि दोन्ही वेळा चुकतात.

कारण चक्रीवादळ ही गोष्टच निराळ्या मापाची आहे. सायक्लोन हा शब्द हेन्री पिडिंग्टन यांनी कलकत्त्यात, बंगालच्या उपसागरातील वादळांचा अभ्यास करताना घडवला आणि १८४८ च्या आपल्या ग्रंथात रूढ केला; चक्रीवादळ हा त्याचाच मराठी प्रतिशब्द. शेकडो किलोमीटर पसरलेली आणि कित्येक दिवस टिकणारी ही प्रणाली भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणात वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरला पोहोचल्यावरच या नावाला पात्र ठरते. त्याखालच्या पायऱ्यांना कमी दाबाचे क्षेत्र, अवदाब अशी नावे आहेत. असे असता ‘कमी दाबाचा पट्टा’ हे लांबट पट्ट्याचे नाव गोलाकार क्षेत्राला सर्रास दिले जाते, आणि वातावरणाच्या एखाद्या थरातील ‘चक्राकार वारे’ मथळ्यात येईपर्यंत चक्रीवादळ होतात. परिभाषा आणल्याने अचूकता आपोआप येते, हा पूर्वपक्षाचा विश्वास येथेच खोटा ठरतो.

उलट जुना शब्द टाकल्याने अर्थ बिघडल्याचे उदाहरण वळिवाचे आहे. चैत्र-वैशाखात दुपारनंतर सोसाट्याच्या वाऱ्यासह आणि विजांसह येणारा वळीव हा शेतकऱ्याच्या हिशेबातला, आपल्या वेळेवर येणारा पाऊस. त्याला ‘अवकाळी’ म्हणणे हे शब्दार्थानेच असत्य आहे. डिसेंबर-जानेवारीत गहू-हरभरा झोपवणारा पाऊस अवकाळी खरा. दोहोंना एकच नाव दिले की ऋतूंचे ज्ञानच पुसट होते.

नेमक्या शब्दाची ही निकड केवळ कोशापुरती नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांनिशी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, दिवेआगर भागातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. किनाऱ्यावरच्या माणसाने होडी ओढून घ्यायची की घर सोडायचे, हे त्याच्या कानी पडलेल्या शब्दावर ठरते. म्हणून पाठ्यपुस्तककारांनी ती चार शब्दांची ओळ मोडून प्रत्येक शब्दापुढे त्याचा ऋतू, त्याचा उगम आणि त्याचा आवाका लिहावा, आणि वृत्तसंपादकांनी चक्रीवादळ हा शब्द ताशी ६२ किलोमीटरच्या आत वापरू नये.