केसरी वाचावा, सुधारकही वाचावा

‘टिळक-आगरकर वाद’ असा प्रश्न पेपरात आला की आपण एक ठरलेले वाक्य लिहून मोकळे होतो: टिळकांना आधी स्वराज्य हवे होते, आगरकरांना आधी सामाजिक सुधारणा. मार्क मिळतात, वाद मात्र कळत नाही.

१८८१ साली केसरी निघाला तेव्हा हे दोघे एकत्र होते. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघांनी १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात बरोबर काढले. पुढे मतभेद वाढले. १८८८ साली आगरकरांनी सुधारक काढला आणि १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावरून ही दोन पत्रे आमनेसामने आली. मुलीचे संमतिवय दहावरून बारा करायचे, एवढाच तो कायदा! रूढी अन्यायाची असेल आणि लोक ती आपणहून सोडत नसतील, तर कायदा करावाच, हा आगरकरांचा पक्ष. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, हा टिळकांचा. पण याच टिळकांनी १८९० साली सुचवले होते की, सुधारणा हव्या असणाऱ्यांनी सोळा वर्षांच्या आत मुलींची लग्ने न करण्याचे बंधन आधी स्वतःवर घालून घ्यावे. गाइडमधल्या त्या एका वाक्यात हे कुठे बसते?

म्हणून माझी सूचना अशी, की वर्गात दोन्ही बाजूंचे लेख शेजारी ठेवून वाचावेत. दोघांना मान्य काय, खरा अडसर कुठे, कोणत्या प्रश्नाला कोण बगल देतो, हे आम्हाला शोधू द्यावे. काही जण म्हणतील, याने मुलांचा गोंधळ उडेल. उडू द्या! ज्यांच्या घरात आजवर छापलेले ते खरेच मानले गेले, त्यांना या गोंधळाची फार गरज आहे.

मात्र दोन्ही बाजू वाचल्या म्हणजे ‘दोघांचेही थोडे थोडे बरोबर’ असे म्हणून हात झटकायचे नाहीत. कलकत्त्यात फुलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली आणि १८९० साली तो खटला गाजला. तिच्या मरणाचे उत्तर कोणाच्या लेखात मिळते, हेही विचारले पाहिजे. माझ्या मते ते आगरकरांच्या बाजूला मिळते. दुसऱ्या कोणाचे मत वेगळे असेल, तर त्याने लेख वाचून मला खोडून काढावे.

आणि या दोन पत्रांपलीकडचा एक आवाज विसरू नये. लहानपणी लग्न लावून दिलेल्या रखमाबाईंनी १८८५ साली ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने टाइम्स ऑफ इंडियात पत्रे लिहिली होती. पुरुषांचा वाद रंगण्याआधीच जिच्यावर बेतले होते ती बोलून गेली होती.

टिळकांचे आणि आगरकरांचे लेख पुस्तकरूपाने छापलेले आहेत. वर्षातले दोन तास त्यांना द्यावेत, एवढीच आमच्या प्राध्यापकांना विनंती.