गृहोद्यान : आमरीच्या शेजारी घटपर्णी

पुण्याच्या एका वाचक भगिनींनी एकाच पत्रात दोन प्रश्न विचारले आहेत. त्यांच्या गच्चीवरील जाळीच्या छायेत आमरी, म्हणजे ज्यांस आपण ऑर्किड म्हणतो त्या, उत्तम फुलत आहेत. परंतु त्याच रांगेत, त्याच पाण्यावर व त्याच खतावर वाढविलेल्या घटपर्णीचे घट एकामागून एक वाळून गेले, आणि नवी पाने आली ती घटांवाचूनच. झाड टाकून द्यावे काय, हा पहिला प्रश्न. दुसरा त्यांचा नसून त्यांच्या सासूबाईंचा आहे : किडे खाणारे झाड घरात असावे काय? दुसऱ्याचे उत्तर लवकर आटोपते, म्हणून ते आधी देतो.

घटपर्णी ज्या जागी उगवते तेथील जमीन बहुधा पावसाने धुपून निःसत्त्व झालेली असते. नायट्रोजन मुळांस पुरेसा मिळत नाही, म्हणून तो ती पानांच्या द्वारे मिळविते. मुंगी मधाच्या लोभाने आपण होऊन येते व घसरून पडते. झाड तिच्या पाठीस लागत नाही. आपल्या सह्याद्रीलाही ही रीत नवी नाही. ज्या सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे गालिचे पाहण्यास लोक भाद्रपदात कासच्या पठारावर जातात, ती इवलीशी वनस्पतीही आपल्या सूक्ष्म पिशव्यांत जलजंतू पकडून त्यांवर पोसते. मलेशियात तर एका जातीच्या घटपर्णीचे घट स्वच्छ धुऊन त्यांत चिकट तांदूळ व नारळाचे दूध घालून वाफवितात व तो भात आवडीने खातात. ज्या घरात भिंतीवरच्या पालीस अभय आहे, त्या घरात घटपर्णीस मज्जाव करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. सासूबाईंस हे पटावे अशी आशा आहे. न पटल्यास कुंडी गच्चीवरच असू द्यावी, तेथेच तिला उजेड अधिक मिळेल.

आता मुख्य प्रश्न. घट हे फूल नव्हे, पानच होय. पानाची मधली शीर टोकाच्या पुढे तंतूसारखी लांबते, तिचे अग्र फुगते, आणि पूर्ण वाढ झाल्यावर त्यावरील झाकण उचलले जाते. झाकण मिटून किडा कोंडला जातो ही समजूत चुकीची आहे. एकदा उघडलेले झाकण पुन्हा मिटत नाही, बहुतेक जातींत ते आतील रसात पावसाचे पाणी पडू नये एवढ्यापुरतेच असते. खरी करामत काठाची. त्यावर बारीक कंगोरे असतात. हवेतील ओलाव्याने व मधाने ते भिजले की वर पाण्याचा पातळ थर राहतो, आणि मुंगीचे पाय त्यावर ठरत नाहीत. खालच्या आम्ल रसात तिचे पचन होते. इतका खटाटोप करून एक घट उभारणे झाडास स्वस्त पडत नाही. मुळांशी आयते खत मिळाले, उजेड कमी पडला किंवा हवा कोरडी झाली, तर झाड घट काढण्याचे सोडून देते व नुसती पाने काढते. ते मरत नसते, हिशेब करीत असते.

आमच्या भगिनींच्या गच्चीवर नेमके हेच झालेले दिसते. आमरी व घटपर्णी यांस सावली, ओलसर हवा व मोकळी मुळे ही तिन्ही सारखीच मानवतात, म्हणूनच त्या शेजारणी म्हणून शोभतात. परंतु आमरीस पाण्यातून सौम्य खत वरचेवर लागते, आणि घटपर्णीच्या मुळांस तेच बाधते. शिवाय बहुतेक आमरींस दोन पाण्यांमध्ये मुळे सुकावी असे वाटते, तर घटपर्णीची कुंडी कधीही कोरडी पडता कामा नये. मात्र ती पाण्याने भरलेल्या बशीतही उभी करू नये, कारण मुळे कुजतात. म्हणून मांडणी बदलावी. आमरीची टोपली वर व घटपर्णी खाली असेल तर वरच्या खताचे पाणी ठिबकून खाली येणारच. घटपर्णी वर टांगावी, आमरी खाली किंवा बाजूस ठेवावी. घट लोंबण्यासही अशी जागा सोयीची पडते.

पाण्याविषयी आम्ही विशेष आग्रह धरतो. कूपनलिकेच्या जड पाण्यातील क्षार कुंडीत साचत जातात. पावसाचे पाणी सर्वांत उत्तम. पागोळीचे पाणी पहिले दोन-चार पाऊस सोडून पिंपात धरावे व घट्ट झाकावे, म्हणजे डास होत नाहीत. ते संपल्यास आरओ यंत्राचे शुद्ध पाणी द्यावे. यंत्रातून वाया जाणारे पाणी काटकसरीपोटी झाडांस घालण्याची चाल बऱ्याच घरांतून आहे. त्यात क्षार अधिकच दाट झालेले असतात, तेव्हा घटपर्णीस ते थेंबभरही नको.

कुंडीत पोयटा, शेणखत, गांडूळखत यांपैकी काहीही घालू नये. आमरीसाठी आणतो ते पाइनच्या सालीचे तुकडे, थोडे स्फॅग्नम शेवाळ आणि पर्लाइट एवढे पुरे. साल न मिळाल्यास नारळाच्या सोडणाचे तुकडे चालतात. परंतु ते दोन-तीन दिवस भिजवून, पाणी अनेकदा बदलून घ्यावे, कारण त्यांतही क्षार असतो.

उजेड भरपूर, पण गाळलेला हवा. पाने गर्द हिरवी व लांबट लुळी होऊ लागली तर उजेड कमी पडतो असे समजावे. चैत्र-वैशाखातील पुण्याची कोरडी दुपार मात्र कठीण; कोकणात हा प्रश्न नाही. कुंड्या दाटीने ठेवणे, वाऱ्याच्या बाजूस ओले गोणपाट लावणे, जमीन शिंपडणे, इतके केले तरी बराच फरक पडतो. पानाच्या टोकाची कळी फुगण्याआधीच करपली तर दोष कोरड्या हवेचा; जुना घट वरून खाली वाळत आला तर ते म्हातारपण. तेव्हा वाळलेला घट तेवढा कापावा, हिरवे पान राहू द्यावे. घटात दूध, भात, मटणाचा तुकडा असले काही घालू नये. मुलांस हे बजावून सांगावे लागते.

राहिला जातीचा प्रश्न, आणि आमच्या मते हा सर्वांत महत्त्वाचा. बोर्निओच्या किनाबालू पर्वतावरील राजा नावाच्या जातीसारख्या डोंगरी घटपर्णींस गार रात्री लागतात. आपल्या उन्हाळ्यात त्या झुरतात. दमट सखल प्रदेशांतील जाती मुंबई-कोकणास मानवतील, पण पुण्याच्या पौषात कुढतील. नवशिक्यांनी फिलिपाईन्समधील दोन जातींचा ‘व्हेंट्राटा’ हा संकर घ्यावा. तो काटक आहे व कलमांनी सहज वाढतो.

भारताची स्वतःची घटपर्णी एकच, मेघालयातील गारो, खासी व जयंतिया टेकड्यांवरची. तिला शास्त्रीय नाव देणारे जोसेफ हुकर हे 1850 साली खासी टेकड्यांत हिंडले. तेथे फुललेली निळी वांडा ही आमरी त्यांनी सात माणसांची ओझी भरतील इतकी क्यू येथील बागेसाठी गोळा केली. वाटेतील अडचणींमुळे त्यांतील थोडीच झाडे जिवंत पोचली. दुसऱ्या एका गृहस्थाने धाडलेले एक ओझे खराब अवस्थेत पोचूनही 300 पौंडांस विकले गेले, हेही हुकरांनीच आपल्या प्रवासवृत्तात लिहून ठेवले आहे. ह्याच हुकरांनी पुढे 1874 साली बेलफास्टच्या शास्त्रज्ञांच्या सभेत, घटात अंड्याचा पांढरा बलक व मांसाचे तुकडे घालून पाहिलेल्या प्रयोगांवरून, घटपर्णी खरोखरच पचन करते असे सांगितले. झाडाचे इतके बारकाईने निरीक्षण करणारा मनुष्यही ओझी भरण्यास चुकला नाही, ही गोष्ट विसरता येत नाही.

1991 साली वन्यजीव संरक्षण कायद्यास सहावी अनुसूची जोडली गेली, तीत सहाच नोंदी होत्या. त्यांत खासी घटपर्णी, निळी वांडा, तांबडी वांडा व पॅफिओपेडिलम वर्गातील आमरी अशा चार आपल्याच विषयातल्या. 2022 च्या दुरुस्तीने अनुसूचींची रचना बदलली, संरक्षण मात्र कायम आहे. तेव्हा रानातून उपटलेली खासी घटपर्णी कोणी स्वस्तात देऊ लागला तर घेऊ नये. कुंडीत लावलेले कलम आणि रानातले झाड ओळखणे फारसे कठीण नाही : रानातल्याची मुळे तुटलेली, पाने किड्यांनी खाल्लेली व खरचटलेली, आणि खोड जुने, वाकडे असते.

आमच्या भगिनींचे झाड, त्यांनी केलेल्या वर्णनावरून, व्हेंट्राटाच असावे. ते टाकू नये. कुंडीतील सर्व साल बदलावी, मुळांस धक्का न लावता पावसाच्या किंवा आरओच्या पाण्याने कुंडी दोन-तीनदा धुऊन काढावी, खत बंद करावे आणि कुंडी वरच्या आकड्यास टांगावी. आजच्या पानांस घट येणार नाहीत. यापुढे जे तिसरे-चौथे पान फुटेल, त्याच्या टोकाकडे लक्ष ठेवावे.