बॉल जॉइंट, मामा आणि न छापलेला आकडा

गाडीचा बॉल जॉइंट घरी बदलावा की नाही, यावर आमच्या हॉस्टेलमध्ये दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, ‘कशाला हात काळे करतोस? गॅरेजवाला अर्ध्या दिवसात करून देईल.’ दुसरा म्हणतो, ‘सेफ्टीचा पार्ट आहे बाबा, सर्व्हिस सेंटरशिवाय कोणी हात लावू नये.’ मला दोन्ही पक्ष पटत नाहीत. गेल्या सुट्टीत मी आणि मामाने मिळून त्याच्या २०१४ सालच्या थारचे पुढचे चारही बॉल जॉइंट चिपळूणला घरासमोरच्या अंगणात बदलले. तेव्हापासून माझं मत असं झालंय की हे काम घरी होतं आणि करावंही. फक्त त्यासाठी जी गोष्ट सगळ्यात जास्त लागते ती पान्यांच्या पेटीत नसते आणि स्पेअर पार्टच्या दुकानातही मिळत नाही. ती म्हणजे दोन आकडे. हा लेख त्या दोन आकड्यांसाठी आहे.

आधी कॉम्प्युटर आणि आयटीवाल्या मित्रांसाठी थोडक्यात. आपल्या खुब्याचा सांधा आठवा. वाटीत गोळा, गोळ्याला दांडा. बॉल जॉइंट म्हणजे तेच, पण स्टीलमध्ये, आणि वरून रबराची टोपी. पुढच्या चाकाचा नकल वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मच्या मध्ये या सांध्यांनी धरलेला असतो. त्यामुळे चाक खड्ड्यात वरखालीही होतं आणि स्टिअरिंग फिरवलं की वळतंही. या दोन गोळ्यांच्या मध्यबिंदूंना जोडणारी रेघ म्हणजेच ओरलला विचारतात तो ‘किंगपिन अॅक्सिस’. गंमत म्हणजे या गाडीत किंगपिन नावाची वस्तूच नाही. ती जुन्या, पुढे अखंड अॅक्सल असलेल्या जीपमध्ये असायची. २०१० साली आलेल्या थारच्या सीआरडीई मॉडेलला पुढे टॉर्शन बारचं इंडिपेंडंट सस्पेन्शन मिळालं आणि किंगपिनची जागा बॉल जॉइंटने घेतली. पुस्तकातलं नाव मात्र तेच राहिलं.

भार घेणारा जॉइंट वाटीतून निसटला तर काय होतं? चाक बाहेरच्या बाजूला मोडून पडतं आणि गाडी नाकावर बसते. पार्किंगमध्ये झालं तर नशीब. कुंभार्ली घाटात झालं तर... असो.

आता हा सांधा जातो कशाने? बहुतेक वेळा त्या रबरी टोपीने. टोपीला एक चीर पडली की कोकणातली लाल माती आत जाते, ओढा ओलांडताना पाणी जातं, ग्रीस धुऊन निघतं आणि मग गोळा आणि वाटी एकमेकांना पॉलिश पेपरसारखे घासत बसतात. त्यात आपल्या ऑफ-रोडवाल्या दादालोकांची हौस! मोठे टायर, चाक बाहेर काढणारे स्पेसर, पुढे लोखंडी बंपर, त्यावर विंच. चाक जेवढं बाहेर, तेवढा जॉइंटवरचा पीळ जास्त. हजारो रुपयांचे दिवे लावतील, पण त्या टोपीखाली कधी वाकून बघणार नाहीत. मामाही याच जातीतला, हे त्याच्या परवानगीने लिहितोय.

मामाची थार कच्च्या रस्त्यावर ‘टक् टक्’ वाजायला लागली होती. ओळखीच्या गॅरेजमध्ये दाखवली, तर तिथे चेसिसखाली जॅक लावून चाक वरखाली हलवून बघितलं आणि ‘काही नाही, चालवा अजून’ असं सांगितलं. इथे माझ्यातला मेकॅनिकलवाला जागा झाला. टॉर्शन बार ज्या आर्मला धरलेला असतो त्या आर्मचा जॉइंट भार घेतो. गाडी चेसिसवर उचलली तरी बारचा ताण सुटत नाही; तो सांध्याला घट्ट धरून ठेवू शकतो. म्हणजे झीज आहे, पण हाताला लागत नाही. बार खालच्या आर्मला असेल, तर जॅक त्याच आर्मखाली, शक्य तितका चाकाच्या जवळ लावायचा, टायर जमिनीपासून थोडा सुटू द्यायचा आणि टायरखाली पहार घालून हलकेच उचलायचं. मग सांधा खरं बोलतो.

आम्ही तसं केलं. मॅग्नेटिक स्टँडवरचा डायल गेज (हो, मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण ज्याची फक्त आकृती काढतो तोच) आर्मवर बसवला, टोक नकलला टेकवलं आणि पहार उचलली. सुई ०.९ मिमी सरकली. मामा म्हणाला, ‘‘वा! म्हणजे गेलाय ना?’’

आणि इथेच गाडी अडली. ०.९ म्हणजे गेला की चालेल? काही जॉइंटमध्ये थोडी फट मुळातच ठेवलेली असते, काहींत अजिबात नसावी लागते. मर्यादा प्रत्येक डिझाइनची वेगळी, आणि ती फक्त बनवणाऱ्याला माहीत. स्पेअरच्या काउंटरवर विचारलं तर उत्तर मिळालं, ‘‘साहेब, वाजतंय ना? मग बदला.’’ दुसरीकडे विचारलं तर, ‘‘मॅन्युअल फक्त वर्कशॉपसाठी असतं.’’ तिसऱ्या एकाने तर आमच्याकडे, पासपोर्ट मागावा तसं, ‘‘तुम्हाला कशाला हवंय?’’ असंच विचारलं! टोपी फाटलेली दिसत होती म्हणून बदलायचं ठरलं. पण टोपी शाबूत असती तर? हा झाला पहिला आकडा, जो नाही.

प्रत्यक्ष काम सांगतो, कारण ते ऐकल्याशिवाय दुसऱ्या आकड्याचं महत्त्व कळणार नाही. बॉल जॉइंटचा दांडा नकलच्या भोकात टेपरने बसतो. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे टेपरला मराठीत ‘निमुळता’ म्हणतात हे मामाने सांगितलं. शब्द आवडला.) उतार अगदी बारीक असतो, साधारण १:८ किंवा १:१०. एवढ्या बारीक उतारावर घर्षण जिंकतं. म्हणून नट पूर्ण काढला तरी दांडा बाहेर येत नाही, ड्रिलच्या शँकसारखा अडकून राहतो. सेकंड इयरला ‘सेल्फ-लॉकिंग’ म्हणून दोन मार्कांना लिहिलं होतं, ते इथे पहिल्यांदा हाताने बघितलं.

मामाने लगेच हातोडा काढला. दांड्याच्या टोकावर मारायचा नाही, त्याने आटे बसतात आणि मग काहीच होत नाही. एक तर पुलर लावून ताण द्यायचा, नाहीतर भोकाच्या बाजूला, नकलच्या जाड भागावर आडवा नेमका ठोका मारायचा. भोक क्षणभर चेपतं, निमुळत्या दांड्याची पकड सुटते. आम्ही दोन्ही केलं. पुलर ताणून ठेवला आणि एक ठोका. असा आवाज झाला की शेजारच्या काकू बाहेर आल्या. नट मात्र तीनचार आट्यांवर ठेवला होता, आणि हे मी ठळक अक्षरात छापायला सांगितलं असतं: नट पूर्ण काढून ठोकू नका आणि आर्मखालचा जॅक हलवू नका. त्या पिळलेल्या बारमध्ये किती ताकद साठलीय ते तेव्हाच कळतं जेव्हा आर्म सुटून खाली येतो, आणि तेव्हा तिथे तुमचा गुडघा असतो. चेसिसखाली स्टँड हवेत. विटा नकोत. वीट आधी सूचना देऊन फुटत नाही.

बाकीचं भराभर सांगतो. ब्रेकचा कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवायचा नाही, तारेने बांधायचा. फोर बाय फोरमध्ये नकलच्या मधून अॅक्सल जातो, नकल बाहेर झुकवताना तो खेचला जाता कामा नये. टेपर आणि भोक स्वच्छ पुसून कोरडे बसवायचे, तिथे ग्रीस लावायचं नाही. पहिल्या बाजूला आम्हाला पाच तास लागले, दुसऱ्या बाजूला अडीच.

आता नट आवळायचा. किती? मशीन डिझाइनमध्ये आपण टॉर्क बरोबर ०.२ गुणिले बल गुणिले व्यास असं घोकतो. म्हणजे टॉर्क हा खरं तर दांडा किती जोरात भोकात ओढला जातो त्याचा हिशेब आहे. कमी पडला तर दांडा भोकात सूक्ष्म हलत राहतो, भोक लंबगोल होतं, आणि मग नवा जॉइंट घालूनही उपयोग नाही, आख्खा नकल बदला. जास्त झाला तर दांडा ताणला जातो. मग कॅसल नटच्या खाचेत स्प्लिट पिन जायला हवी, आणि भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा, मागे ढिला करायचा नाही. हे सगळं मला माहीत होतं. टॉर्क रेंचही होता, मित्राकडून आणलेला. फक्त तो कितीवर लावायचा हे माहीत नव्हतं!

नव्या जॉइंटचा डबा मी चारी बाजूंनी वाचला. होलोग्राम, पार्ट नंबर, एमआरपी, ग्राहक तक्रारीचा फोन, डबा रिसायकल करा ही सूचना. टॉर्क नाही. शेवटी आमचा एक सीनियर, जो आता वर्कशॉपमध्ये नोकरीला आहे, त्याने मॅन्युअलच्या पानाचा फोटो पाठवला. तो आकडा मी इथे मुद्दाम देत नाही, कारण तो त्या गाडीचा आणि त्या नटाचा आहे, आणि वाचून कोणीतरी आपल्या स्कॉर्पिओला लावेल याची मला खात्री आहे.

आता ‘सेफ्टीचा पार्ट, हात लावू नये’ या पक्षाला माझं उत्तर. तुमची भीती खरी आहे, पण तुम्ही तिची रेघ चुकीच्या जागी ओढताय. घरी केलं म्हणजे धोका आणि गॅरेजमध्ये केलं म्हणजे सुरक्षित, असं तुम्ही धरून चालता. हायवेवरच्या गॅरेजमध्ये जाऊन टॉर्क रेंच मागून बघा. पान्याला दोन फुटी पाइप लावून, ‘हं, बसला’ असं म्हणून आवळतात. मी त्या कारागिरांना नावं ठेवत नाही, त्यांच्या मनगटाला जे कळतं ते मला दहा वर्षांत कळणार नाही. पण त्यांनाही तो आकडा कोणी दिलेला नाही. खरा फरक मोजून केलेल्या आणि न मोजता केलेल्या कामात आहे. आणि मोजून करायला बनवणाऱ्याने आकडा सांगायला नको?

हे मागणं काही जगावेगळं नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता, तो सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं बाहेरच्या गॅरेजांना सहज मिळू देत नाहीत म्हणून. पुढे काही कंपन्या कोर्टात गेल्या, तो वेगळा विषय. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यातही मोटारी आहेत. सुटा भाग दुकानात मिळतो, हे मान्य. पण बॉल जॉइंट विकायचा आणि त्याचा टॉर्क दडवायचा, म्हणजे औषध विकून डोस न सांगण्यासारखं झालं.

‘हात काळे’वाल्या पक्षाला मात्र मी फार बोलणार नाही. फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये आपण आठवडेच्या आठवडे लोखंडी तुकडा कानशीने घासून चौकोनी खाचेत बसवतो आणि शेवटी तो भंगारात जातो. सरांना माझी विनंती आहे की त्याच बाकावर एखादा भंगारातला नकल आणून ठेवा. टेपर सोडवा, डायल गेज लावा, टॉर्क द्या, पिन घाला. एका दुपारी मेट्रॉलॉजी, मशीन डिझाइन आणि ऑटोमोबाइल तिन्ही होतील, आणि जर्नल कॉपी करता येणार नाही, कारण प्रत्येकाची सुई वेगळी सरकेल.

काम झाल्यावर गाडी अलाइनमेंटला नेली, ती न्यावीच लागते. तिथल्या मुलाने मशीनमधून एक कागद काढून दिला. त्यावर कॅम्बर, कॅस्टर, टो, प्रत्येकाची आमची किंमत आणि शेजारी कंपनीने ठरवलेली मर्यादा, आत असेल ते हिरवं, बाहेर असेल ते लाल. मामाने तो कागद दोनदा वाचला, घडी घालून आरसी बुकात ठेवला आणि मला विचारलं, ‘‘असा कागद त्या जॉइंटबरोबर का देत नाहीत रे?’’ मी ते पत्र लिहून दोन ठिकाणी पाठवलंय, एक बनवणाऱ्यांना आणि एक ग्राहक व्यवहार विभागाला. उत्तर आलं तर पुढच्या अंकात छापू.