थासॉसचा मल्ल आणि हेलसिंकीचे पदक




थासॉस या ग्रीक बेटावरील प्राचीन मल्ल थिआजेनीस याच्या १४०० विजयमुकुटांची कथा अतिशयोक्त, म्हणून तो मल्लच काल्पनिक, हे तारापूरच्या वाचकांच्या गतांकातील पत्रातले अनुमान ग्राह्य नाही. १४०० हा आकडा प्रवासवर्णनकार पॉसेनियसचा. डेल्फीचा शिलालेख १३०० विजय सांगतो. आणि या तफावतीने आकडा शंकास्पद ठरला तरी इ. स. पूर्व ४८० चा मुष्टियुद्धातील आणि ४७६ चा पँक्रेशनमधील (मुष्टियुद्ध व कुस्ती यांच्या मिश्र खेळातील) ऑलिंपिक विजय बाधित होत नाही.

त्याच पत्रात लिअँडर पेसच्या १९९६ च्या कांस्यपदकास स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक म्हटले आहे. परंतु प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून उभ्या केलेल्या रकमेच्या आधारे हेलसिंकीस गेलेल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्येच कुस्तीत कांस्यपदक मिळविल्याची दप्तरी नोंद आहे. थासॉसकरांनी समुद्रात टाकलेला आपल्या मल्लाचा पुतळा, कोळ्यांच्या जाळ्यात गवसताच, सन्मानाने पुन्हा उभारला, असे पॉसेनियस सांगतो. आमच्या सरकारने मात्र खाशाबांना २००० सालचा अर्जुन पुरस्कार दिला, तोही मरणोत्तर. सबब पालघर-बोईसरच्या शाळांतील सामान्यज्ञान स्पर्धांत तरी खाशाबांचे नाव प्रथमस्थानी असावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, बोईसर (जि. पालघर)