इतिहास कोणत्या सालापाशी थांबवायचा?

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील विल्यम्सबर्ग येथे ब्रूटन पॅरिश चर्चच्या शेजारी विटांचे एक जुने घर उभे आहे. यादवी युद्धाला तीन वर्षे उरली असताना, १८५८ मध्ये, लेम्युएल बोडेन या वकिलाने ते बांधले. तरीही भोवतालच्या गावात ते उपरे वाटते. कारण ते गाव हेतुपुरस्सर अठराव्या शतकात नेऊन ठेवलेले आहे.

१६९९ ते १७८० विल्यम्सबर्ग ही व्हर्जिनियाची राजधानी होती. धर्मगुरू गुडविन यांच्या कल्पनेतून आणि धाकट्या जॉन रॉकफेलर यांच्या पैशातून १९२६ पासून तो काळ पुन्हा उभारला जाऊ लागला. वसाहतकालीन वास्तूंची डागडुजी झाली. नंतरच्या शेकडो इमारती जमीनदोस्त झाल्या. बोडेन यांचे घर खाजगी मालकीत राहिल्याने वाचले.

हा पैसा कोठला? १९१४ मध्ये कोलोरॅडोतील लडलो येथे रॉकफेलर यांच्या कंपनीविरुद्ध संपावर गेलेल्या खाणकामगारांच्या तंबूंवर सैनिकांनी हल्ला केला. जळत्या तंबूखाली अकरा मुले व दोन स्त्रिया गुदमरून मेल्या. त्यानंतर बाराच वर्षांनी त्याच घराण्याची तिजोरी स्वातंत्र्याच्या स्मारकासाठी उघडली.

क्रांतिकाळात या गावची निम्म्याहून अधिक वस्ती कृष्णवर्णीयांची होती आणि त्यांतील बहुतेक गुलाम होते. तेथील कृष्णवर्णीय बाप्टिस्टांचे विटांचे चर्च १८५६ चे, म्हणजे बोडेन यांच्या घराहून दोन वर्षांनी जुने. संग्रहालय-संस्थेने ते विकत घेऊन १९५५ मध्ये पाडले. पुढे त्या जागी वाहनतळ झाला. २०२० मध्ये वंशजांच्या आग्रहाने त्याच संस्थेने उत्खनन सुरू केले, तेव्हा फरसबंदीखाली जुना पाया आणि माणसांच्या कबरी सापडल्या. चूक दुरुस्त करण्याचा हा प्रयत्न स्वागतार्हच आहे; परंतु त्यासाठी पासष्ट वर्षे जावी लागली.

स्वातंत्र्याच्या जयघोषापाशी घड्याळ थांबवले की गुलामगिरीचा हिशेब चुकता करणारे पुढचे शतक आपोआप वगळले जाते. बोडेन यांनी फुटीरतेला विरोध केला आणि १८६३ मध्ये ते संघराज्याच्या सिनेटमध्ये गेले. त्या शतकाची साक्ष त्यांचे घर आजही देते.

वारसा जपावा, यात वाद नाही. परंतु काय जपायचे हे थैलीशहांनी ठरवले, तर श्रमिकांचा इतिहास फरसबंदीखालीच जातो. हा निर्णय लोकांच्या हाती असला पाहिजे.